टिकूच्या चोचीची नोंद : तीन महिन्यांनंतर

पहिल्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं, 'चोच वाढलीय, डॉक्टरांकडून घासून आणली की झालं.' ते वाक्य मागे घेतो.

टिकू म्हणजे माझा पाच वर्षांचा बजी (बजरीगर, छोटा पाळीव पोपट). वरची चोच वाकून छातीच्या पिसांत रुतायला लागली होती. मला वाटलं, झिजवायलाच काही मिळत नसणार. कटलबोन (कटलफिश या समुद्री प्राण्याचं चुनखडीसारखं कवच) टांगला, गुळगुळीत दांड्या काढून सालीसकट फांद्या बसवल्या. साल त्याने मन लावून सोलली, चोचीत मात्र काडीचा फरक नाही. पोपटांच्या जातीचे पक्षी वरची आणि खालची चोच एकमेकींवर घासून बरीच झिजवतात. झोपण्याआधी ऐकू येणारी बारीक करकर तीच. कटलबोन कॅल्शियमसाठी ठेवावा, त्याच्याकडून कानशीचं काम होईल ही आशा सोडावी.

मग चोचीवर रक्त साकळल्यासारखे काळपट डाग दिसले. कुठे धडकला-पडला नव्हता. नखंही वाढलेली. डॉक्टरांनी आधी भिंगातून माइट, म्हणजे त्वचेत शिरणारे सूक्ष्म किडे, शोधले; ते असते तर चोचीच्या कोपऱ्यांत मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकं पडलेले खरखरीत थर दिसले असते. तसं काही नव्हतं. पण वजन ५२ ग्रॅम! बजीला ३०-४० पुष्कळ. रक्ततपासणी आणि एक्स-रेवरून दुखणं यकृतात निघालं. पाच वर्षं मी त्याला राळे आणि बाजरीच घालत होतो, वर 'किती आवडीने खातो' म्हणून कौतुक. नुसत्या दाण्यांचा आहार असंतुलित, आणि त्यांत अ जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच.

चोच डॉक्टरांनी छोट्या ग्राइंडरने घासली. घरी नेलकटर लावायचा मोह मलाही झाला होता. आत हाड, रक्तवाहिन्या, नसा असतात. एक चिमटा चुकला तर रक्त थांबता थांबत नाही, चोच उभी चिरते ती वेगळीच.

खाणं बदलणं हे खरं काम. पहिले दोन आठवडे पेलेट्सकडे (पक्ष्यांच्या तयार खाद्याच्या गोळ्यांकडे) त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. दाणे एकदम बंद करायचे नाहीत, पक्षी उपाशी राहून दगावू शकतो. म्हणून रोज सकाळी वजन. तिसऱ्या आठवड्यात ओल्या पालेभाजीत अंघोळ केली, आणि अंघोळ करता करता ती खाल्ली! किसलेलं गाजर मी त्याच्यासमोर चघळायला लागल्यावरच त्याला पटलं. वजन ५२, ५१, ४९, आता ४६.

दर रविवारी मागे आलेख कागद धरून बाजूने फोटो काढतो. पूर्वी चार आठवड्यांत चोच पुन्हा लांबायची. घासल्याला आज सहावा आठवडा, टोक अजून जागेवर आहे. जुने डाग टोकाकडे सरकलेत आणि नाकाजवळून येणारी नवी चोच स्वच्छ आहे. पुढची रक्ततपासणी पंधरा दिवसांनी.