कोझाच्या गेट टू स्ट्रीटवरची रात्र: जाणाऱ्यांसाठी

जपानच्या ओकिनावा बेटावरच्या कादेना या अमेरिकी हवाई तळाचे दुसरे फाटक आणि गोया चौक यांच्यामधला जेमतेम अर्धा किलोमीटरचा रस्ता म्हणजे गेट टू स्ट्रीट. नकाशावर गावाचे नाव ओकिनावा सिटी दिसते, कारण १९७४ मध्ये कोझा शहर आणि मिसातो गाव एकत्र झाले. बोलताना मात्र सगळे अजून कोझाच म्हणतात. ओकिनावाची राजधानी नाहाहून संध्याकाळी यायचे, दोन तास बसायचे आणि परत जायचे असा बेत इथे हमखास फसतो. लाइव्ह हाउसमध्ये, म्हणजे बँड वाजणाऱ्या बारमध्ये, रात्री नऊ-दहाच्या आधी रंग चढत नाही आणि नाहाकडची शेवटची बस साधारण त्याच सुमारास निघते. म्हणून मुक्काम कोझातच करा. गोया चौकापासून चालत जाता येईल असे हॉटेल घेतले की रात्रीची निम्मी काळजी मिटते.

नाहाची मोनोरेल इथपर्यंत येत नाही. नाहा बस टर्मिनलवरून २३, २७ किंवा ७७ क्रमांकाची बस घ्या आणि गोया थांब्यावर उतरा. रस्ता मोकळा असेल तर तासाभरात पोहोचाल, संध्याकाळच्या गर्दीत जास्त वेळ धरा. पुढच्या दाराने चढून यंत्रातून क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची. उतरताना त्या क्रमांकासमोर फलकावर दिसणारे भाडे चिठ्ठीसकट पेटीत टाकायचे. बसमधले सुटे पैसे देणारे यंत्र हजार येनची नोट घेते, पण दहा हजारांची नोट पुढे केलीत तर मागची सगळी रांग खोळंबते. हजाराच्या चार-पाच नोटा वेगळ्या ठेवा, रात्री बारमध्येही त्याच लागतील.

दुपारी पोहोचलात तर आधी हिस्ट्रीट पाहा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कोझाचे हे छोटे संग्रहालय याच रस्त्यावर आहे. प्रवेश मोफत, सोमवारी बंद. जुन्या 'ए साइन'च्या पाट्या इथे बघायला मिळतात. युद्धानंतर इथे अमेरिकी राजवट होती, तेव्हा स्वच्छतेच्या तपासणीत उतरलेल्या बार-हॉटेलांनाच ही पाटी मिळे आणि ती असेल तरच सैनिकांना आत जाता येई. २० डिसेंबर १९७० च्या रात्री एका अमेरिकी सैनिकाच्या गाडीने स्थानिक माणसाला धडक दिली. वर्षानुवर्षे साचलेला राग उसळला आणि अमेरिकनांच्या सत्तरहून अधिक गाड्या जाळल्या गेल्या. त्या काळी बारसुद्धा रंगानुसार वाटलेले होते: गोरे सैनिक गेट टू स्ट्रीटच्या बाजूला, कृष्णवर्णीय जवळच्या तेरुया वस्तीत. हे डोक्यात ठेवून बारमध्ये शिरलात, तर काउंटरपलीकडच्या वयस्कर मालकाशी बोलताना कुठला विषय जपून काढायचा हे कळते.

रस्त्यावरून चालताना शिंप्यांची दुकाने दिसतील आणि त्यांतले बरेच दुकानदार भारतीय, त्यातही सिंधी आहेत. अमेरिकी राजवटीच्या काळापासून त्यांनी सैनिकांचे सूट शिवले. हिंदीत नमस्कार केला तर गप्पा सुरू व्हायला वेळ लागत नाही. शेजारी भरतकामाची दुकाने आहेत, जाकिटावर किंवा पट्टीवर नाव भरून देतात. ही सगळी दुकाने संध्याकाळी मिटतात, तेव्हा हे काम आधी उरका.

पोटात काही घातल्याशिवाय पिऊ नका. जवळच्या पार्क अव्हेन्यूवर १९५६ पासूनचे टाको दुकान आहे. शाकाहारी मंडळींनी मात्र सावध राहावे. गोया चाम्पुरू या परतलेल्या भाजीत नाव कारल्याचे, पण आत डुकराचे मांस असतेच. ते काढायला सांगितले तरी माशाचा दाशी (रस्सा) राहतो. गोया भागात येण्यापूर्वीच खाऊन घेणे हा सरळ उपाय.

वार निवडताना अमेरिकी सैन्याचा पगार महिन्याच्या १ आणि १५ तारखेला होतो हे लक्षात घ्या. त्या तारखांना लागून आलेला शुक्रवार-शनिवार म्हणजे रस्ता फुललेला. बँड ऐकायचा असेल, मालकाशी बोलायचे असेल, तर मधला शनिवार बरा. रविवार-सोमवारी बरेच शटर खाली असतात. ऑक्टोबर २०२४ पासून जपानभरातल्या अमेरिकी सैनिकांना रात्री १ ते पहाटे ५ तळाबाहेरच्या बारमध्ये थांबायला मनाई झाली. नियम बदलत राहतात, पण तो लागू असताना एकच्या आधी सगळे एकदम बाहेर पडतात आणि टॅक्सी मिळेनाशी होते. त्याआधी अर्धा तास उठा. रात्री १० ते ५ टॅक्सीला २० टक्के जादा आकार पडतो.

बारमध्ये बसण्यापूर्वी दर विचारा: "चाजी वा इकुरा देस का?" बसण्याचे पैसे, न मागता आलेल्या छोट्या बशीचे (ओतोशी) पैसे आणि बँड असेल तर त्याचे पैसे, हे तिन्ही वेगळे लागू शकतात. बहुतेक भांडणे इथेच होतात, कारण ती बशी फुकट आहे असे पाहुणा समजतो. डॉलर काही ठिकाणी घेतात, पण दर दुकानदाराचा असतो, म्हणून येनच द्या. टिप देऊ नका. रस्त्यावर उभा राहून "स्वस्त आहे, या" म्हणणाऱ्याच्या मागे जाऊ नका, बिल फुगते ते तिथेच.

ओकिनावाची ओरायन बिअर हलकी आहे. आवामोरी ही इथली तांदळाची दारू साधारण ३० टक्के अल्कोहोलची, म्हणून बर्फ आणि भरपूर पाणी घालूनच. तीन किंवा त्याहून जास्त वर्षे मुरलेली ती 'कुसू', ती मात्र थोडी, नुसतीच चाखावी. व्हिएतनामला निघालेल्या सैनिकांसमोर वाजवून तयार झालेले मुरासाकी आणि कंडिशन ग्रीन हे बँड याच गावचे. तो कडक रॉक अजून ऐकायला मिळतो आणि एवढ्या लांब येण्याचे खरे कारण तेच. चालू गाण्यात मोठ्याने बोलणे इथे फार खटकते.

पिण्याचे कायदेशीर वय २०. पासपोर्ट जवळ बाळगणे परदेशी पाहुण्याला बंधनकारक आहे, फोटोप्रत चालत नाही. पिऊन गाडी चालवली तर शेजारी बसलेल्यालाही शिक्षा होते, सायकलही यातून सुटत नाही. भाड्याची गाडी असेल तर 'दाइको' बोलवा: दोघे येतात, एक तुमची गाडी चालवतो, दुसरा मागून त्यांची आणतो. सैनिकांच्या गुन्ह्यांनी या बेटाने खूप सोसले आहे, म्हणून रस्त्यावर गस्त दिसते. आपला पेला नजरेआड करू नका, एकट्या बाईने मागच्या गल्ल्या टाळाव्यात, अडचणीत ११० फिरवा. फाटकावरच्या पहारेकऱ्यांचे फोटो काढू नका आणि ड्रोन तर मुळीच उडवू नका.

जून ते ऑक्टोबर वादळांचा हंगाम. इशारा लागला की बस आणि मोनोरेल दोन्ही थांबतात, सैनिकांना तळाबाहेर सोडत नाहीत आणि बारही उघडत नाहीत. त्या महिन्यांत हॉटेल रद्द करता येईल असेच घ्या.