ताई, लग्नाची तारीख कुठं टाकू?

फ्लेक्सवाल्या दादांनी पेनड्राइव्ह लावला, फाइल उघडली आणि स्क्रीनवरून नजर न हलवता विचारलं, "ताई, तारीख आन् कार्यालयाचं नाव कुठं टाकायचं?"

लग्नाचा फ्लेक्स नव्हता तो. आमच्या १६ मिनिटांच्या शॉर्टफिल्मचं पोस्टर होतं. पण दादांचं तरी काय चुकलं? पाठीला पाठ लावून उभे असलेले मुलगा-मुलगी, दोघांच्या मधून मावळणारा सूर्य, मागं आयर्विन पूल, वर गुलाबी वळणदार अक्षरांत नाव आणि नावाच्या शेवटी बदाम. सांगलीत रोज अशी दहा प्री-वेडिंगं छापली जात असतील. त्यात त्या पुलानं आमचा आणखीनच घात केला. १९२९ सालचा हा दगडी पूल बाहेरच्याला रोमँटिक दिसतो, सांगलीकराला मात्र तो दिसला की कृष्णेचं पाणी आठवतं. २०१९ च्या ऑगस्टात ते इथं ५७ फुटांच्या वर गेलं होतं. वर्गातल्या एकानं पोस्टर बघून पहिलं काय विचारलं असेल, तर "पाणी किती फुटावर आहे?"

मास कम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाला आम्हाला चौघांच्या गटानं एक फिल्म आणि तिची जाहिरात करायची होती. जाहिरातीत एक पोस्टर, एक टीझर, आणि सोबत टिपण: या प्रकारच्या सिनेमाचे कुठले संकेत वापरले, कुठले मोडले, आणि का. फिल्म दिग्दर्शकाच्या जिवावर होती, जाहिरात माझ्या गळ्यात पडली. टिपण शेवटच्या रात्री खरडायचं, असंच माझं ठरलेलं होतं.

आमची गोष्ट मार्केट यार्डातली. हळद निवडायला येणारी एक मुलगी आणि अडत दुकानात पावत्या फाडणारा एक मुलगा. दोघांचं जमतं. त्याच्या घरचे तयार, तिच्या घरचेही तयार, खलनायक कुणीच नाही. आणि तरी ती "आत्ता नाही" म्हणते. बस्स, एवढंच. ती का नाही म्हणते, हे फिल्ममध्येही आम्ही धड सांगितलेलं नाही, आणि दिग्दर्शकाचं अजून म्हणणं आहे की ते सांगायचंच नव्हतं. मला ते पटलेलं नाही, पण तो वेगळा विषय.

फ्लेक्सवाल्या प्रकारानंतर सरांनी आम्हाला तीस प्रेमपटांची पोस्टरं शेजारी शेजारी चिकटवायला लावली. चिकटवता चिकटवता हसू यायला लागलं. दोन चेहरे, त्यातला एक दुसऱ्याकडे बघतोय आणि दुसरा भलतीकडेच. पाऊस. एक छत्री. सायकल. उडणारी ओढणी, जी मुलीच्या हातात कधीच नसते, वाऱ्याच्याच ताब्यात असते. कोपऱ्यात बारीक करून रागावलेला बाप. सर म्हणाले, हसू नका, हे सगळं उपयोगाचं आहे. स्टीव्ह नील नावाच्या ब्रिटिश अभ्यासकानं १९८० मध्येच मांडलंय की चित्रप्रकार चालतात ते पुनरावृत्ती आणि फरक या दोन पायांवर. ओळखीचं काही दिसलं नाही तर प्रेक्षक आत येत नाही, आणि सगळंच ओळखीचं असलं तर जांभया देतो.

मी त्यातलं 'फरक' तेवढं ऐकलं.

दुसरं पोस्टर मी एका रात्रीत केलं. हरिपूरला जमिनीखाली हळद साठवायची पेवं असायची, त्यातली पुष्कळशी २००५ च्या पुरानंतर निकामी झाली. तिथल्या एका पेवाचं अंधारं गोल तोंड, वरून काढलेला फोटो, सगळं करड्या रंगात, माणूस एकही नाही. खाली बारीक अक्षरांत नाव. मला ते भयंकर आवडलं होतं. घरी आत्याला दाखवलं. तिनं चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "कर्जबाजारी शेतकऱ्याचं हाय का गं?"

सगळे संकेत मोडले की दुसऱ्याच कुठल्यातरी प्रकारात जाऊन पडतो, हे मला आत्यानं शिकवलं. टिपणात मात्र तिचं नाव घालता आलं नाही.

मार्चमध्ये यार्डात शूटिंग सुरू झालं. हंगाम भरात होता. पोत्यांच्या थप्प्या, पॉलिशच्या ड्रमची घरघर, आणि हवेत इतकी हळद की संध्याकाळी कॅमेऱ्याची लेन्स पुसली तर रुमाल पिवळा व्हायचा. निवडणाऱ्या बायका गोणपाटावर बसून हळकुंडं आणि गड्डे वेगळे करत होत्या. आमची नायिका त्यांच्यात बसली की लगेच उठून दिसायची, कारण तिचे हात गोरे होते. त्यातल्या एका मावशींनी मूठभर भुकटी तिच्या तळहातांवर चोळली आणि म्हणाल्या, "आता दिसतीयास बघ. आमचं हात रोजच पिवळं, लगीन एकदाच झालं."

माझ्या अंगावर काटा आला. आपल्याकडे मुलीचं लग्न करून देणं म्हणजे तिचे हात पिवळे करणं. आणि या बायकांचे हात मजुरीनं पिवळे झालेले. तोवर फिल्मचं नाव होतं 'पहिला पाऊस' (हो, मला माहितीय). त्याच दुपारी चहाच्या टपरीवर ते 'पिवळे हात' झालं. दिग्दर्शकानं दहा मिनिटं तोंड वाकडं केलं आणि मग ते नाव आपल्यालाच सुचलं असल्यासारखा सगळ्यांना सांगत सुटला.

पोस्टर मग आपसूक दिसायला लागलं. गोणपाटावर टेकलेले हळदीनं माखलेले दोन हात, अगदी जवळून. लांबून बघणाऱ्याला ती हळदीची नवरी वाटणार. जवळ आल्यावर तो हिरवा चुडा शोधणार, आणि तिथं सापडणार अंगठ्याला गुंडाळलेली चिकटपट्टी आणि नखांत गेलेली माती. प्रेमपटात दोघं हवेतच, म्हणून चौकटीच्या कडेनं मुलाचा हात आत येतो, पावती पुढं करणारा. त्याची बोटं कार्बन पेपरनं निळी झालेली. हे आम्ही सजवलेलं नव्हतं, पावतीपुस्तक दिवसभर हाताळलं की बोटं तशीच होतात. पिवळं अधिक निळं म्हणजे हिरवं, म्हणजे चुडा, असं टिपणात लिहू या, असं आमच्या एडिटरनं सुचवलं. मी ते खोडलं. काही गोष्टी बघणाऱ्यासाठी ठेवाव्यात.

छपाईत मात्र चार दिवस गेले. स्क्रीनवरचा झळझळीत पिवळा फ्लेक्सवर शेवाळलेला यायचा. पुन्हा तेच दादा. त्यांनी फाइल उघडून दाखवलं की सावल्यांमध्ये सायन, म्हणजे छपाईतला आकाशी निळा, शिरलाय. पिवळ्यात चिमूटभर जरी तो पडला तरी रंग हिरवट मारतो. "सायन काढा, मॅजेंटा पंधरा-वीस टक्के ठेवा, यलो पुरं शंभर." चौथ्या तुकड्यावर हळद हळदीसारखी दिसली. दादा म्हणाले, "आता तर नक्कीच लग्नाचं वाटतंय." मी म्हटलं, वाटू दे.

टीझरवरून खरं भांडण झालं. पहिल्या कटमध्ये एडिटरनं मुलीचे केस झटकतानाचा स्लो मोशन शॉट तीनदा घातला होता. "पोरगी हसल्याबिगर कोण थांबतंय?" हे त्याचं ठाम मत. लॉरा मल्व्ही यांचा १९७५ चा निबंध आम्हाला अभ्यासाला होता. पडद्यावरच्या बाईकडे कॅमेरा पुरुषाच्या डोळ्यांनी बघतो, ही त्यातली मांडणी परीक्षेत आम्ही सगळ्यांनी पाठ म्हणून दाखवली होती. एडिटरला त्यात माझ्यापेक्षा दोन मार्क जास्त होते. शेवटी मी म्हटलं, स्लो मोशन ठेव, फक्त उलटं कर. हळकुंडं निवडता निवडता ती वर बघते, आणि पोत्यांमधून वाट काढत येणारा तो हळू चालतो. घामेजलेली मान त्याची, शर्टची वर गेलेली बाही त्याची. ओढणीऐवजी त्याच्या खांद्यावरचा पंचा उडतो. मुलांच्या होस्टेलवर हे दाखवलं तेव्हा आधी शिट्ट्या आल्या, मग जरा शांतता, मग एकानं विचारलं, "हे आसं का वाटतंय?" कसं वाटतंय, ते त्याला सांगता आलं नाही.

टीझर ४५ सेकंदांचा. पहिले २५ सेकंद आम्ही सगळं मुकाट्यानं पाळलं: नजरानजर, बासरी, गच्चीवरून पाइपनं पाडलेला पाऊस. आधी पाठीमागं एक गाजलेलं गाणं होतं, अपलोड करताच कॉपीराइटचा दावा आला आणि आवाजच बंद झाला. मग वर्गातल्या एका मुलानं मोबाइलवर बासरी वाजवून दिली. सव्विसाव्या सेकंदाला बासरी तुटते आणि ड्रमची घरघर सुरू होते. शेवटचा शॉट नळाखाली हात धुण्याचा.

तो शॉट आम्ही लिहिलेला नव्हता. पॅकअपनंतर नायिका कपड्यांच्या साबणाच्या वडीनं हात धूत होती आणि फेस लाल व्हायला लागला. ती किंचाळली, तिला वाटलं हात कापला. मावशी हसल्या. हळदीला साबण किंवा चुना लागला की ती लाल होते; हळदीपासून कुंकू करायचे ते असंच. कॅमेरा बॅगेतून पुन्हा बाहेर निघाला. वाहत्या पाण्यात पिवळ्याचं लाल होत जाणारं ते बेसिन, आणि त्यावर नाव. प्रेमपटाचा लाल रंग आम्हाला असा साबणाच्या वडीनं दिला.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडमनी नेमक्या जागी बोट ठेवलं. "लग्नाचं आमिष दाखवून लोकांना बोलावलंत आणि लग्न दिलंच नाहीत. ही फसवणूक नाही का?" मी म्हटलं, चिकटपट्टी पोस्टरवरच आहे, लपवलेली नाही. त्या हसल्या आणि म्हणाल्या, ज्या सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' नाटक उभं केलं, तिथं स्वयंवर लावून वरमाला न घालणारी नायिका आणलीत, धाडस आहे. हे कौतुक होतं की टोमणा, मार्क बघूनही कळलं नाही.

एप्रिलमध्ये कॉलेजच्या हॉलमध्ये फिल्म दाखवली. यार्डातल्या पाच-सहा मावशी काम आटोपून तशाच आल्या होत्या. फिल्म संपल्यावर एक आजोबा कुरकुरत बाहेर पडले, "अक्षता पडतील म्हणून बसलो हुतो." हळद चोळणाऱ्या त्या मावशी मात्र दारातल्या फ्लेक्सपाशी थांबल्या. स्वतःचा तळहात त्यांनी पोस्टरवरच्या हाताला लावून बघितला.

"रंग जरा भडक झालाय. राजापुरी हळद अशी नसती."

मग फ्लेक्सचा कोपरा चिमटीत धरून त्यांनी जाडी तपासली. बाहेर वळवाचं आभाळ भरून आलं होतं. "हे आता तुमच्या काय कामाचं? दे की. यार्डात माल उघड्यावर पडलाय."

मी आणि एडिटरनं दोऱ्या सोडल्या. दुसऱ्या दिवशी ट्रायपॉड परत द्यायला यार्डात गेले, तेव्हा तो पोत्यांच्या थप्पीवर अंथरलेला होता, छापील बाजू खाली, कडेला चार दगड.