खाल्लेलं अंगाला लागतं

"खाते सगळं, पण अंगाला लागत नाही." माझ्याबद्दलचं हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय, की पुढे कुणी विचारलं तर मीच ते सांगायला लागले. आई सांगायची, मावश्या सांगायच्या, बघायला आलेल्या पाहुण्यांना काकांनीही हेच सांगितलं. शाळेत मुली 'काडी' म्हणायच्या, गावाकडच्या म्हाताऱ्या 'पाप्याचं पितर'. लग्न झालं, मुलगा झाला, तो पाच वर्षांचा झाला. मी मात्र तशीच राहिले.

मी कराडजवळच्या एका गावात माध्यमिक शाळेत शिकवते. गेल्या वर्षी प्रजासत्ताक दिनाला शाळेत रक्तदान शिबिर होतं. शिक्षकांनी आधी रक्त दिलं की गावातली पोरं पुढे येतात, म्हणून मी रांगेत पहिलीच उभी राहिले. सिस्टरांनी काट्यावर उभं केलं. काटा ४१ वर थांबला. त्यांनी मला खाली उतरवून पुन्हा चढवलं, आकडा तोच. "मॅडम, निदान पंचेचाळीस तरी लागतं," त्या हळूच म्हणाल्या आणि माझ्या मागच्याला पुढे बोलावलं. दहावीच्या मुली बघत होत्या. त्यांना मी दर वर्षी आहाराचा धडा शिकवते.

त्याआधी मी काहीच केलं नव्हतं असं नाही. बाळंतपणानंतर वजन वाढवायची एक पावडर आणली होती. एका ओळखीच्या बाईला तिचा गुण आला होता. डब्यावर घटकांची यादीच नव्हती, नुसतं 'आयुर्वेदिक' लिहिलेलं. वीस दिवसांत तीन किलो वाढले. भूक लागायची, दिवसभर झोप यायची, आणि सकाळी आरशात बघितलं की तोंड सुजल्यासारखं दिसायचं. घाबरून बंद केली, तसं महिन्याभरात वजन पहिल्यासारखं झालं. नंतर शिकरण करून पाहिली. रोज जेवणावर दोन केळी आणि ग्लासभर दूध. चौथ्या दिवशी उलटी झाली आणि माझं मन पक्कं झालं की आपल्या अंगाला लागतच नाही.

शिबिरानंतरच्या आठवड्यात कराडच्या एका डॉक्टर मॅडमकडे गेले. खाण्याबद्दल त्या लगेच काहीच बोलल्या नाहीत. आधी विचारलं, वजन पहिल्यापासून कमी आहे की अलीकडे उतरलं? खोकला आहे का, संध्याकाळी अंग गरम होतं का, रात्री घाम येतो का? पाळी नियमित आहे का? शौचाला कसं होतं? हात थरथरतात का, छाती धडधडते का? जेवावंसंच वाटत नाही, मन कशात लागत नाही, असं काही आहे का? मग त्यांनी सांगितलं की टीबी, थायरॉइड वाढणं, मधुमेह, पोटातले जंत, आतड्यांचे आजार, यातलं काहीही माणसाला आतून पोखरत असेल तर तूप-लाडू खाऊन उपयोग नसतो, म्हणून आधी ते बघायचं. पावडरीचंही त्यांना सांगितलं. त्या गंभीर झाल्या. अशा काही पावडरींमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, अंगात पाणी धरून ठेवतं आणि माणसाला वाटतं बाळसं आलं, असं त्या म्हणाल्या. कुणी असं काही महिनोन्‌महिने घेत असेल तर स्वतःच्या मनाने एकदम बंदही करू नये, डॉक्टरांना दाखवून मगच सोडावं, हेही त्यांनी बजावलं.

तपासण्या झाल्या. थायरॉइड नॉर्मल, साखर नॉर्मल, छातीचा एक्स-रे स्वच्छ. हिमोग्लोबिन ९.६. बायकांचं बारा तरी असावं लागतं. उंची १५८ सेंटिमीटर आणि वजन ४१, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) १६.४. साडेअठराच्या खाली असला की वजन कमी धरतात. माझ्या उंचीला किमान ४६-४७ किलो हवेत. जंताची एक गोळी, लोहाच्या गोळ्या आणि एक काम एवढं घेऊन मी घरी आले. काम असं, की तीन दिवस जे तोंडात जाईल ते वहीत लिहायचं, त्यातला एक दिवस रविवार हवा.

ती वही आजही माझ्याकडे आहे. शंभर पानी, रेघांची, मुलांच्या निबंधाच्या वह्यांतली उरलेली. पहिलं पान सोमवारचं.

सकाळी ५:४५, चहा अर्धा कप, बिस्किटं दोन. ६:३० ला एसटी. १०:१५ मधली सुट्टी, चहा. १:३० घरी, दीड चपाती, वांग्याची भाजी. ४:३० चहा. ६:०० चहा, शेजारच्या आल्या होत्या म्हणून. रात्री ९:३० अर्धी भाकरी, आमटी-भात थोडा, मुलाने ताटात टाकलेला भात.

रविवारचं पान त्याहून वाईट होतं. घरी मटण होतं, पाहुणे होते. मी सकाळपासून स्वयंपाकघरात. वाढता वाढता तीन वाजले आणि त्या पानावर जेवणासमोर मी लिहिलंय: रस्सा, भाकरी एक, भूक मेली.

मॅडमनी पेन्सिलीने प्रत्येक ओळीसमोर आकडा टाकला आणि खाली बेरीज केली. दिवसाला अकराशे कॅलरीच्या आसपास. वही माझ्यापुढे सरकवून त्या म्हणाल्या, "अंगाला लागायला आधी पोटात तर जायला हवं ना." मी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. मला खरोखर वाटत होतं की मी सगळं खाते. पाहुण्यांच्या ताटातलं, मुलाच्या ताटातलं, भाजी चाखून बघितलेलं, सगळं मिळून मनात एक जेवण तयार होत होतं, आणि ते जेवण कधी झालेलंच नव्हतं.

वही मी फ्रीजवर ठेवली होती. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या चौथीपर्यंत शिकल्या आहेत, बोट ठेवून वाचतात. दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर त्या रविवारच्या पानावर बोट ठेवून बसलेल्या. काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी भाकरी थापायला मी बसले तेव्हा म्हणाल्या, "आजपासून आपण दोघी आधी जेवायचं. गडीमाणसं घेतील वाढून." आमच्या घरात असं वाक्य पहिल्यांदाच उच्चारलं गेलं. ह्यांनी मान हलवली आणि खरोखर वाढून घेतलं. सासरे दोन दिवस गप्प होते, नंतर त्यांनाही सवय झाली.

मॅडमचं सांगणं साधं होतं. दुप्पट खायचं नाही, आहे त्यात चारशे-साडेचारशे कॅलरी घालायच्या, आणि महिन्याला एक किलो, फार तर दीड किलो वाढ बघायची. माझ्यासारख्या वर्षानुवर्षं कमी खाणाऱ्या माणसाचं पोट लवकर भरतं, त्यामुळे ताटाचा ढीग वाढवून चालत नाही. तेवढ्याच घासात जास्त यायला हवं. मूठभर भाजलेले शेंगदाणे म्हणजे साधारण १७० कॅलरी आणि सात-आठ ग्रॅम प्रथिनं. दोन चमचे तूप म्हणजे नव्वद. म्हशीचं साय न काढलेलं दूध कपभर घेतलं तर दोनशेच्या वर. एवढ्यातच हिशोब पुरा होतो. आमच्याकडे शेंगदाणा पोत्याने असतो, आणि मी डबाबंद पावडरीच्या मागे लागले होते.

मधल्या सुट्टीच्या चहाच्या जागी डबा आला, थालीपीठ आणि लोण्याचा गोळा. आमटीत, भाजीत दाण्याचं कूट वाढलं. आठवड्यातून दोनदा म्हाद्या, म्हणजे दाण्याच्या कुटाची घट्ट आमटी, आणि ज्वारीची भाकरी. रोज दोन अंडी, संध्याकाळी दाण्याचा नाहीतर अळिवाचा लाडू. चहा चारवरून दोनवर आणला, हे सगळ्यात अवघड गेलं. चहाने भूक मरते, आणि जेवणाबरोबर चहा घेतला की अन्नातलं लोहही अंगात नीट शिरत नाही. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, दुधाबरोबर नाही. गोळीने शौच काळी होते, त्याला घाबरायचं नाही. मला सकाळी घेतली की मळमळायचं, म्हणून रात्रीच्या जेवणानंतर घ्यायला सांगितली. जेवणाआधी तांब्याभर पाणी प्यायची सवय होती, तीही सोडली.

पहिले पंधरा दिवस वाईट गेले. पोट टम्म, गॅस, वर्गात उभं राहिलं की ढेकर. दोनदा वाटलं पुरे झालं. मॅडमनी लाडू आणि दूध एकत्र घ्यायचं बंद करून मध्ये दोन तासांचं अंतर ठेवायला सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात एक गोष्ट घडली, ती मला अजून आठवते. सव्वादहाची घंटा व्हायच्या आधीच मला भूक लागली. फळ्यावर लिहिता लिहिता पोटात खड्डा पडल्यासारखं झालं. एरवी मी वेळ झाली म्हणून जेवायचे, त्या दिवशी भूक लागली म्हणून डबा उघडला.

व्यायामावरून घरात वाद झाला. "आधीच काय अंगावर आहे, आणि व्यायाम करून तेही घालवतीस का?" आत्या म्हणाल्या. त्यांची समजूत आमच्या शाळेतल्या पीटीच्या सरांनी घरी येऊन घातली. आमच्या भागात कुस्तीचा दाखला दिला की माणसं ऐकतात. कराडजवळच्याच गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक आणलं, ते ५७ किलोच्या गटात. सर म्हणाले, "मावशी, पैलवान नुसत्या दूध-तुपाने होत नाही. दुधाचं अंगात मांस करायचं तर जोर-बैठका लागतात, नाहीतर ते पोटावर बसतं." मॅडमनीही हेच वेगळ्या शब्दांत सांगितलं होतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलंय की आपल्याकडची माणसं बारीक दिसली तरी त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते, आणि पुढे मधुमेहाचा धोका तिथूनच येतो. म्हणजे मी नुसतं गोड-तळलेलं खाऊन ४७ किलो झाले असते, तर काट्यावर बरं दिसलं असतं आणि आतून नुकसान झालं असतं.

तर आठवड्यातून तीन दिवस, अर्धा तास. बैठका, भिंतीला हात टेकून जोर, आणि पाण्याचे पाच-पाच लिटरचे दोन कॅन उचलणं. सुरुवातीला कॅन अर्धेच भरायचे. जूनपर्यंत पूर्ण भरलेले दोन्ही उचलून मागच्या दारापासून तुळशीपर्यंत पाच फेऱ्या मारायला लागले.

वजन दर रविवारी, सकाळी, काही खायच्या आधी, एकाच काट्यावर. रोज बघायचं नाही, कारण रोजचा आकडा पाण्याने आणि पोटातल्या अन्नाने हलतो आणि जीव उगाच वर-खाली होतो. फेब्रुवारीअखेर ४१.७. मार्चमध्ये ४२.५. मे महिन्यात माहेरी आमरस आणि आराम, ४४.८. जूनमध्ये ४५ ओलांडले तेव्हा मी काट्यावरून उतरून ह्यांना हाक मारली. आणि जुलैत पावसात तापाने गाठलं. आठ दिवस पेज आणि पाणी. काटा ४३.९. त्या रविवारी मी खूप रडले. सहा महिन्यांचं गेलं असं वाटलं. मॅडमनी फोनवर सांगितलं की एकदा आलेलं अंग परत यायला पहिल्याइतका वेळ लागत नाही, फक्त जेवणाच्या वेळा चुकवू नका. तसंच झालं, सप्टेंबरात परत ४५.५.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी १८.७ टक्के बायकांचं वजन उंचीच्या मानाने कमी निघालं. मी हा आकडा आता वर्गात मुलींना सांगते आणि त्यांनाही तीन दिवस वही लिहायला लावते. वाईट वाटतं ते एवढ्याचंच, की किती वह्यांमध्ये रविवारचं पान माझ्यासारखं निघतं.

या २६ जानेवारीला मी पुन्हा रांगेत होते. वजन ४७.२. सिस्टर वेगळ्या होत्या. बोटाला सुई टोचून त्यांनी हिमोग्लोबिन बघितलं, १२.१. रक्त द्यायला साडेबारा लागतं. मी परत आले, पण गेल्या वर्षीसारखी मान खाली घालून नाही. गोळ्या अजून तीन महिने चालू आहेत.

त्याच आठवड्यात मी आत्यांना घेऊन मॅडमकडे गेले. चाळीस वर्षं त्या या घरात सगळ्यांच्या शेवटी जेवल्या आहेत, आणि गेलं वर्षभर जिना चढताना त्यांना दम लागतो हे मी बघत होते. त्यांचं हिमोग्लोबिन ८.४ निघालं. पुढच्या तपासण्या आणि औषधं सुरू झाली. माझी वही उलटी करून शेवटच्या पानापासून त्यांनी लिहायला घेतलंय, शिसपेन्सिलीने, मोठ्या वाकड्या अक्षरांत. पहिल्या ओळीत आहे: सकाळी भाकरी १, दुध, च्या नाही.