दाजीपूरचे जंगल आणि त्यामधले सडे

दाजीपूरला जाऊन आलो म्हटले की कोल्हापुरात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "गवा दिसला का?" प्रश्न रास्तच आहे, कारण १९५८ साली दाजीपूरचे जंगल अभयारण्य झाले ते गव्यांमुळे, आणि १९८५ मध्ये हद्द वाढून त्याचे ३५१ चौरस किलोमीटरचे राधानगरी अभयारण्य झाले तरी लोकांच्या तोंडी ते गव्यांचे अभयारण्यच राहिले. मला मात्र गव्याइतकीच ओढ वाटते ती तो ज्यांवर चरतो त्या सड्यांची, म्हणजे जंगलामधल्या उघड्या कातळ-पठारांची, आणि त्यांच्याविषयी आपण फार कमी बोलतो.

वनविभागाच्या नाक्यावर नोंद करून, स्थानिक वाटाड्याला सोबत घेऊन शिवगडाच्या वाटेला लागले की थोड्याच वेळात डोक्यावर जांभूळ, अंजन, हिरड्याच्या फांद्या एकमेकींत गुंतू लागतात. हे निमसदाहरित जंगल आहे. येथे भर उन्हाळ्यातही सावली तुटत नाही. मार्चच्या आसपास अंजनाच्या फांद्यांवर जांभळट निळ्या फुलांचे झुबके थेट सालीतून फुटलेले दिसतात. शेकरू या छतावरूनच ये-जा करते आणि जमिनीवर क्वचितच उतरते, त्यामुळे मधली दोन-चार मोठी झाडे पडली तरी तिची वाट मोडते. धनेशाचेही तसेच आहे: मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला बंद करून घेते आणि पिल्ले मोठी होईपर्यंत नर तिला फटीतून उंबरासारखी फळे भरवतो. म्हणजे ढोली धरण्याइतके जुने झाड नसेल, तर धनेशाचा संसारच उभा राहत नाही.

आणि मग अचानक झाडे संपतात. समोर काळपट तांबड्या जांभ्याचा उघडा सडा पसरलेला असतो. उन्हाळ्यात तो पाहणाऱ्याला पडीक माळ वाटावा इतका कोरडा असतो. परंतु पावसात त्याच कातळावरच्या बोटभर मातीत गवत उगवते आणि गेंद, सीतेची आसवे, दवबिंदू यांची फुले येतात. मातीत नत्र फारच कमी असल्यामुळे यांतल्या शेवटच्या दोन वनस्पती कीटक पकडून आपली गरज भागवतात. पावसाळ्यात अभयारण्य पर्यटकांना बंद असते आणि ते योग्यच आहे. तो काळ गवताचा आणि गव्यांचा आहे.

गव्यांना दिवसा दडायला दाट झाडी लागते आणि चरायला मोकळे गवत लागते. म्हणूनच सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर, झाडी जिथे सड्याला भिडते त्या काठावर थांबावे. तेथेच आम्हाला कळप दिसला. काळे अंग, गुडघ्याखाली पांढरे पाय, आणि पुढे उभी असलेली एक गाय आमच्याकडे मान वर करून पाहत होती. वाटाड्या हळूच म्हणाला, "पळायचं न्हाई, गप हुबं ऱ्हायाचं." आम्ही उभे राहिलो, आणि बऱ्याच वेळाने ती पुन्हा चरू लागली. जीपमधून हे दृश्य दिसते, पण गवत तोडल्याचा आवाज ऐकू येत नाही; ज्यांना जमेल त्यांनी येथे पायीच चालावे, असे मी आग्रहाने सांगेन.

सड्याखाली बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचे खनिज असते, आणि त्यासाठी राधानगरी तालुक्यात खाणी चालल्या आहेत. झाडे तोडली तर कोल्हापुरात आवाज उठतो, पण सडा खणला तर 'तिथे होते तरी काय' असे सहज म्हटले जाते, याचे मला फार वाईट वाटते. २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात राधानगरीही आहे. परंतु अनेक सडे अभयारण्याच्या हद्दीबाहेर, गावांच्या शिवारांत आहेत. राधानगरीत कॅमेऱ्यात टिपला गेलेला वाघ पुढे उत्तरेकडच्या चांदोली राष्ट्रीय उद्यानात आढळला, तोही अशाच जंगल, सडे आणि शिवारांच्या सलग पट्ट्यातून गेला असणार. त्या पट्ट्यातल्या गावांना आपल्या सड्यांची नोंद करून ते राखण्याचा हक्क आणि त्यासाठी पैसा मिळायला हवा, आणि ही मागणी कोल्हापूर शहरातूनही व्हायला हवी, कारण याच डोंगरांत मुरलेले पाणी भोगावतीतून पंचगंगेत येते.