सव्वासात डॉलर

आज दिवसभर टेक्सासातल्या आयर्विंगला एका मित्राच्या फराळाच्या दुकानाचे हिशेब करत बसलो. गड्याने नवा ओव्हन घेतलाय. म्हटलं, "पूर्ण किंमत याच वर्षी करपात्र उत्पन्नातून वजा होईल रे." स्वारी एवढी खूश, की लगेच चकल्यांची बशी पुढे!

ही सवलत वाढली त्यात २००७ च्या एका सौद्याचाही हात आहे. तेव्हा अमेरिकी संसदेने किमान वेतन ताशी ५.१५ वरून तीन टप्प्यांत ७.२५ डॉलरवर नेलं, आणि छोट्या धंदेवाल्यांनी ओरडू नये म्हणून सोबत करसवलती दिल्या. बुशसाहेबांनी सही केली तो कायदा मुळात इराक युद्धाच्या खर्चाचा! (लग्नात मुंज उरकावी तसं.) यंत्रसामग्रीच्या वजावटीची मर्यादा तेव्हा सव्वा लाख डॉलर झाली, पुढे वाढत दहा लाखांवर गेली. किमान वेतन मात्र जुलै २००९ पासून तिथंच. आमच्या टेक्सासात आजही सव्वासात.

मित्र म्हणतो, "त्या पैशात माणूस मिळतो कुठे? मी बारा देतो." खरंय त्याचं.

निघताना काउंटरवरची मुलगी हळूच म्हणाली, "अंकल, ओव्हनचं झालं, आता माझ्या पगाराचंही बघा ना."