चावी फिरवण्याआधी बोनेटवर हात ठेवा

पॉप-अप हेडलाइट वर आले की माणूस विरघळतो. माझदा एमएक्स-५ ची पहिली पिढी (१९८९ ते १९९७) बघायला गेलेले निम्मे लोक तिथेच हो म्हणून मोकळे होतात. उत्साह असावाच, त्याशिवाय दोन सीटची, धड डिकी नसलेली जुनी गाडी घेणार कोण? फक्त तो खिशात ठेवून आधी बोनेटवर हात ठेवायचा. बोनेट कोमट लागलं तर मालकाने तुम्ही यायच्या आधी इंजिन फिरवून ठेवलंय. मग सरळ सांगा, गाडी थंड होईपर्यंत थांबतो, नाहीतर उद्या येतो.

हा हट्ट अशासाठी, की जुन्या इंजिनाची दुखणी थंड असतानाच बोलतात. पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ ला हायड्रॉलिक लिफ्टर आहेत, म्हणजे ऑइलच्या दाबावर व्हॉल्व्हची फट आपोआप जुळवणारे भाग. सकाळी सुरू करताच टिक-टिक आली आणि काही मिनिटांत थांबली, तर घाबरायचं कारण नाही; योग्य ग्रेडचं ऑइल बदललं की बऱ्याचदा ती कमी होते. गाडी तापल्यावरही टिक-टिक चालूच असेल तर किंमत कमी करून घ्या. सायलेन्सरमधून सुरुवातीला निळा धूर येऊन थांबला तर संशय व्हॉल्व्ह सीलवर. पांढरा, गोडसर वासाचा धूर थांबतच नसेल तर कूलंट जळतंय, म्हणजे हेडगॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि हेडमधलं पॅकिंग) गेलंय.

रोटरी इंजिनाचं, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो त्याचं, मात्र उलटं आहे. असं इंजिन असलेली माझदाचीच आरएक्स-८ थंड असताना शहाण्यासारखी सुरू होते आणि खरा रंग तापल्यावर दाखवते. वीस मिनिटं चालवा, बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा स्टार्टर मारा. बराच वेळ घरघर करून मग सुरू झाली तर एपेक्स सील (रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या) थकलेत, कॉम्प्रेशन गेलंय. साधा कॉम्प्रेशन गेज इथे चालत नाही, कारण एका रोटरला तीन बाजू असतात आणि तिन्हींचे आकडे वेगवेगळे मोजावे लागतात. त्यासाठी रोटरीचा खास टेस्टर लागतो. २५० आरपीएमला दर चौरस सेंटीमीटरला किमान ६.९ किलो आकडा हवा; नव्या इंजिनाचा ८.५ च्या आसपास असतो. ही टेस्ट करू न देणाऱ्या मालकाकडून आरएक्स-८ घेऊ नये, मग रंग कितीही चमकत असो. हे इंजिन ऑइल पितं, तो दोष नाही. सीलना वंगण मिळावं म्हणून ते मुद्दामच आत सोडलेलं असतं. दोष असतो डिपस्टिक न बघणाऱ्यात. थंड गाडी चार मीटर पुढे घेऊन लगेच बंद करायची सवयही वाईट. प्लग पेट्रोलने भिजतात आणि मग ती सुरूच होत नाही.

पिस्टनच्या इंजिनाला कॉम्प्रेशन टेस्ट घरीही जमते. बॅटरी पूर्ण चार्ज, सगळे प्लग बाहेर, इग्निशन आणि फ्युएल पंप बंद, अॅक्सिलरेटर तळाला दाबून पाच-सहा स्ट्रोक. एखाद्या सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा १५ टक्क्यांहून खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. हलला नाही तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन्ही सिलिंडर एकदम खाली असतील तर त्यांच्या मधलं गॅस्केट फुटलंय.

तरीही इंजिन बदलता येतं, गंजलेला पत्रा नाही. एमएक्स-५ च्या कापडी छताचं पाणी दारामागच्या नळ्यांतून खाली जातं. त्या नळ्या पानांनी, मातीने तुंबल्या की पाणी सिलमध्ये (दाराखालच्या पोकळ पत्र्यात) साचतं आणि मागच्या चाकाच्या पुढचा भाग आतून सडायला लागतो. बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत आतला थर गेलेला असतो. पेलाभर पाणी नळीत ओता आणि खाली चाकापुढे ते बाहेर येतंय का बघा. मग फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक सिलवर फिरवा. जिथे ते धरत नाही, तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. दुसऱ्या पिढीत (१९९८ ते २००५) पुढच्या चेसी रेलही दुहेरी पत्र्याच्या आहेत आणि तशाच सडतात. त्यासाठी गाडी लिफ्टवरच घ्यावी लागते.

होंडा एस२००० (१९९९ ते २००९) घेताना मालक किती जोरात चालवतो यापेक्षा चुकीचा गियर कधी टाकला होता का, हे महत्त्वाचं. ९,००० आरपीएमच्या इंजिनात चौथ्याऐवजी दुसरा पडला तर व्हॉल्व्ह रिटेनरला (व्हॉल्व्हची स्प्रिंग धरून ठेवणाऱ्या चकतीला) तडे जाऊ शकतात आणि तरीही गाडी काही काळ सुरळीत चालते. व्हॉल्व्ह कव्हर काढून रिटेनर बघितल्याशिवाय ते कळणार नाही.

जपानमधल्या लिलावातून आलेल्या गाडीची ऑक्शन शीट, म्हणजे लिलावाच्या वेळचा तपासणीचा कागद, मागा. वरचा ग्रेड सगळेच वाचतात, पण खरी माहिती गाडीच्या आकृतीवर असते. ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे डेंटिंग-पेंटिंग झालेलं, एस म्हणजे गंज, एक्सएक्स म्हणजे बदललेला पॅनेल. ग्रेडच्या जागी आर असेल तर गाडी ठोकून दुरुस्त केलेली. शीटवरचा चेसी नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः जुळवा, आणि शीटवरचं रनिंग मीटरशी.

टायरची नक्षी बघून फसू नका. या गाड्या महिनोन् महिने उभ्या असतात, नक्षी तशीच राहते आणि रबर दगड होतं. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा.

सौदा झाला की पहिल्या आठवड्यात सगळी द्रवं बदला: इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक आणि क्लच फ्लुइड, गियरबॉक्स, डिफरेन्शियल. एमएक्स-५ च्या पाच गियरवाल्या बॉक्समध्ये सुमारे दोन लिटर ७५डब्ल्यू-९० जीएल-४ प्रतीचं गियर ऑइल लागतं. जीएल-५ मधल्या काही अॅडिटिव्हमुळे पितळी सिंक्रो (गियर अलगद पडावा म्हणून वेग जुळवणाऱ्या कड्या) झिजू शकतात, मग थंड असताना दुसरा गियर खरखरतो. टायमिंग बेल्ट बदलल्याची पावती नसेल तर तो बदललेला नाही असंच धरा. तो सुमारे १ लाख किलोमीटरला बदलायचा असतो. बेल्टसाठी उघडलंच आहे तर वॉटर पंप आणि पुढची ऑइल सीलही तेव्हाच घालून घ्या, मजुरी तीच.