नव्वद मिनिटांची कॅसेट

रविवार, रात्र.

माळा आवरताना बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आज ती सापडली. टीडीके डी-९०. लेबलवर दादाचं अक्षर, निळ्या बॉलपेनचं, अर्धंअधिक उडालेलं. ए साइडला ‘द डार्क साइड ऑफ द मून’, बी साइडला ‘विश यू वेअर हिअर’. आवराआवर तिथेच राहिली.

दादा म्हणजे माझा आतेभाऊ. १९९१ मध्ये नोकरीसाठी तो आमच्याकडे डोंबिवलीला राहायला आला आणि दीड खोलीत आम्ही पाच जण झालो. त्याच्या ऑफिसातल्या एकाकडे पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडच्या या दोन्ही एलपी होत्या. एक ४३ मिनिटांची, दुसरी ४४. नव्वदच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची. एकेका बाजूला एकेक अल्बम अख्खा मावला, याचा त्याला कोण आनंद झाला होता! त्याचा नियम एकच होता, फॉरवर्डच्या बटणाला हात लावायचा नाही. “सुटं गाणं नाही ऐकायचं गं, अख्खी बाजू ऐकायची.”

मी आठवीत, मराठी माध्यमात. त्या लोकांचं इंग्रजी माझ्या डोक्यावरून जायचं. म्हणून मला सगळ्यात आधी आवडलं ते ए साइडवरचं, ज्यात शब्दच नाहीत. एक बाई नुसत्या आवाजाने आक्रोश करते, मग थकते, मग जवळ येऊन हळू बोलल्यासारखी गाते. आजीकडे भजनाला येणाऱ्या बायकांचा आलाप कानावर होता, त्यामुळे हे परकं वाटलंच नाही. क्लेअर टोरी हे तिचं नाव मला फार उशिरा कळलं. रविवारी बोलावून गाऊन घेतलेल्या त्या गाण्याचे तिला ३० पौंड मिळाले होते. त्या रचनेत आपलाही वाटा आहे हे मान्य करून घ्यायला तिला कोर्टाची पायरी चढावी लागली आणि २००५ साल उजाडलं. हे वाचलं त्या दिवशी मला खरोखर राग आला होता, अजून येतो. ते गाणं तिचंच आहे.

त्याच बाजूला ती घड्याळं. त्यांचा ध्वनिमुद्रक ॲलन पार्सन्सने जुन्या वस्तूंच्या दुकानातल्या घड्याळांचे टोले एकेक करून ध्वनिमुद्रित केले होते. ते सगळे एकदम वाजले की दुपारी डोळा लागलेली आई दचकून उठायची. बी साइडवर मात्र ती फसायची. ‘विश यू वेअर हिअर’ हे अल्बमच्याच नावाचं गाणं सुरू होतं ते रेडिओची स्टेशनं बदलल्यासारख्या खरखरीने, आणि आई स्वयंपाकघरातून म्हणायची, “अरे, स्टेशन नीट लावा ना.” मग त्या रेडिओतल्यासारख्या बारीक गिटारीला साथ द्यायला दुसरी गिटार येते, भरीव, अगदी कानाजवळ. रेडिओ ऐकत खोलीत एकटाच बसलेला कुणीतरी सोबत वाजवतोय असं वाटतं. मध्ये तो खोकतोसुद्धा. मला तो माणूस दिसायचा.

सिड बॅरेटची गोष्ट दादाने एका रात्री दिवे गेलेले असताना सांगितली. बँड सुरू करणाऱ्यांतला एक, मन बिघडलं, १९६८ मध्ये बँड सुटला. ५ जून १९७५ ला बाकीचे लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत त्याच्यावरच्याच लांबलचक रचनेवर काम करत होते, तेव्हा डोकं आणि भुवया भादरलेला एक जाडा माणूस आत येऊन उभा राहिला. बराच वेळ कुणी ओळखलं नाही. तो सिड होता. अंधारात हे ऐकून मी रडले होते. त्या रचनेच्या सुरुवातीचे गिटारचे ते चार सूर आजही आले की मला आधी मेणबत्तीचा वास येतो.

१९९४ मध्ये दादा मस्कतला गेला. जाताना मला क्वीन या बँडची ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ ही कॅसेट देऊन गेला, ही विकतची होती, काळ्या घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून आणलेली. तिच्यातल्या त्या जवळजवळ सहा मिनिटांच्या प्रसिद्ध गाण्यावर कॉलेजात आम्ही वेडे होतो. पुढे सहलीला पाचगणीला गेलो तेव्हा सगळ्या जणी स्ट्रॉबेरी घ्यायला थांबल्या आणि मी एकटी सेंट पीटर्स शाळेच्या फाटकापाशी जाऊन उभी राहिले. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजेच फारुख बलसारा, इथे शिकला, इथेच शाळेतल्या मुलांच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा. आत जायचं धाडस झालं नाही. नुसती सिल्व्हर ओकची झाडं बघून आले. पुरलं तेवढं.

पण सगळ्यात जवळची ही नव्वदचीच. १९९२ च्या पावसाळ्यात डेकने तिचं रीळ खाल्लं होतं. दादाने चुरगळलेला तुकडा ब्लेडने कापला, दोन टोकं सेलोटेपने जोडली, पेन्सिलीने रीळ परत गुंडाळलं. ‘विश यू वेअर हिअर’ या गाण्याच्या शेवटाकडे बँडचा गिटारवादक गिलमूर गिटारीसोबत तेच सूर तोंडानेही गुणगुणतो, नेमकं तिथलं एखाद सेकंद गेलं. आता फोनवर ते गाणं अखंड वाजतं, पण माझा कान त्या जागी अडखळतोच. परवा मी ते गुणगुणत होते तर लेक म्हणाली, “आई, मधलं काहीतरी खाल्लंस तू.”

संध्याकाळी दादाला नाशिकला फोन लावला. डाव्या कानाने त्याला आता ऐकू येत नाही, मोठ्याने बोलावं लागतं. कॅसेट सापडली म्हटल्यावर क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, “जोड टिकलाय का गं?”

फोन स्पीकरवर ठेवला आणि पेन्सिल घालून रीळ फिरवत बसले. बराच वेळ लागला. तो पलीकडे थांबून होता. शेवटी खालच्या उघड्या फटीत तो पिवळा पडलेला सेलोटेप दिसला.

“आहे दादा, धरून आहे.”

“मग दिवाळीला येताना घेऊन ये. इथला डेक हळू फिरतो, तुटायची नाही. मी उजव्या बाजूला बसेन.”